पट सोळा, ग्रामसभेसाठी तक्ता कसा करावा?

कातळफूल
११ ऑगस्ट, रात्री ९.४०

राजापूर तालुक्यातली सड्यावरची (कातळपठारावरची) जिल्हा परिषद शाळा, पहिली ते पाचवी, दोन शिक्षक. हजेरीपत्रकावर पहिलीत २, दुसरीत ४, तिसरीत ३, चौथीत ५, पाचवीत २. एकूण १६, त्यात मुली १०. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत व्यवस्थापन समितीने एकपानी तक्ता ठेवायचं ठरलंय: आज मुलं किती, कुठल्या वाड्यांतली, पुढच्या चार वर्षांत पट कुठे जाईल. बसल्यावर गुंता झालाय तो असा.

हजेरीपत्रक १६ सांगतं, यूडायसवर (शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत) १७ दिसतात. जास्तीचा मुलगा तिसरीतला, कुटुंब जूनमध्ये नालासोपाऱ्याला गेलं, शाळा सोडल्याचा दाखला नेलेला नाही.

ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदवहीत २०२० ते २०२३ या चार वर्षांत मिळून एकच जन्म आहे. हे खरं धरलं तर शाळेला कुलूपच. पण अंगणवाडीत पोरं तर दिसतात.

दिवाळीनंतर चिरेखाणीवरच्या मजुरांची पाच-सहा मुलं येऊन बसतात. ती धरायची की नाही?

आणि खालच्या वाडीतली शाळा (पहिली ते सातवी) कागदावर "९०० मीटर" आहे, म्हणून दोन्ही एक करा असं बोललं जातं.

समितीतल्या एकाचं म्हणणं, टक्केवारी आणि रंगीत आलेखही घालूया. कसं करावं?


शेरेबुक
११ ऑगस्ट, रात्री १०.५५

पहिला प्रश्न आधी, कारण तो तारखेचा आहे.

'पट' म्हणताना आपण तीन वह्या एकात मिसळतो. जनरल रजिस्टर: नाव कधी दाखल झालं, कधी खारीज. हजेरीपत्रक: या महिन्यात वर्गात कोण. आणि ऑनलाइन नोंद, म्हणजे यूडायस आणि राज्याचं सरल पोर्टल. तिन्ही जुळायला हवेत. तुमच्याकडे बहुधा झालंय असं की जूनमध्ये नवीन हजेरीपत्रक आखताना मुलगा दिसत नाही म्हणून त्याचं नाव उतरवलं नाही, पण जनरल रजिस्टरात तो खारीज नाही. ही चूक. दाखला दिल्याशिवाय नाव गळत नाही. हजेरीपत्रकात नाव राहायला हवं, पुढे गैरहजेरी लागत गेली तरी.

आता करायचं काय: पालकांना फोन करून तिकडच्या शाळेचं नाव आणि यूडायस क्रमांक घ्या. मूल तिथे बसत असेल तर त्या शाळेकडून मागणीपत्र मागवा आणि लगेच दाखला द्या. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे मुख्याध्यापकांनी दाखला तातडीने द्यायचा असतो, आणि दाखला नाही म्हणून नव्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही. म्हणजे तो तिकडे आधीच बसत असण्याची शक्यता मोठी आहे, फक्त ऑनलाइन लोंबकळतोय. दाखला दिला की जनरल रजिस्टरात खारीज तारीख आणि कारण, मग यूडायसवर त्याला ड्रॉपबॉक्समध्ये (शाळा सोडलेल्यांच्या यादीत) टाका. तुम्ही टाकल्याशिवाय नवी शाळा त्याचा पेन नंबर (विद्यार्थ्याचा कायम क्रमांक) ओढून घेऊ शकत नाही. बऱ्याचदा तिकडचे सर कंटाळून नवीन नोंद करतात, एका मुलाचे दोन पेन होतात आणि पुढे दोन्ही शाळांची डोकेदुखी होते. मूल कुठल्याच शाळेत नसेल तर मात्र तो शाळाबाह्य आहे. केंद्रप्रमुखांना (आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांना) लेखी कळवा, नुसतं ड्रॉपबॉक्समध्ये टाकून मोकळे होऊ नका.

हे सगळं ३० सप्टेंबरच्या आत. संचमान्यता (शाळेला किती शिक्षक मंजूर ते ठरवणं) आणि यूडायस, दोन्हींसाठी पट त्याच तारखेचा धरतात.

सतरावा पकडून ठेवावा असा मोह होतो, म्हणून हिशेब सांगतो. कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक. राज्याने १५ मार्च २०२४च्या शासन निर्णयाने २०पर्यंतच्या पटासाठी वेगळा निकष आणला, त्यानंतर दुरुस्त्याही झाल्या, तेव्हा जुन्या मोबाइलवर फिरणाऱ्या पीडीएफवर जाऊ नका, यंदाच्या संचमान्यतेचा तक्ता केंद्रातून घ्या. संयुक्त शाळा अनुदान समग्र शिक्षाच्या निकषात ३० मुलांपर्यंत १०,००० रुपये, ३१ ते १०० ला २५,०००. पोषण आहाराला २५ मुलांपर्यंत एक स्वयंपाकी-मदतनीस. म्हणजे २०, २५ आणि ३० या रेषा महत्त्वाच्या. १६चे १७ झाल्याने यातलं काहीच हलत नाही. उलट तांदळाचा हिशेब बिघडतो. रोज मुलामागे १०० ग्रॅम, १६ मुलांना १ किलो ६०० ग्रॅम. तेरा हजर असताना सोळांचा तांदूळ खर्ची टाकला तर २२ दिवसांत ६ किलो ६०० ग्रॅमची तफावत, आणि ती गोणीतच दिसते. कोणी वेगळं शोधायला नको.

२०११च्या ऑक्टोबरमध्ये राज्यभर तीन दिवस पटपडताळणी झाली, मुलांच्या बोटांना शाई लावून. तेव्हापासून वाढीव पटाकडे खातं कसं बघतं हे सांगायला नको.

आधारही आत्ताच तपासा. लहान शाळेत एक नाव अमान्य राहिलं तरी जाणवतं. बहुतेक अडतं ते जन्मतारखेवर (आधारला १ जानेवारी टाकलेली) किंवा नावाच्या क्रमावर. जनरल रजिस्टरातली तारीख जन्मदाखल्यावरून घेतलेली असेल तर दुरुस्ती आधारमध्ये करायची, रजिस्टरात नाही. रजिस्टरात वरिष्ठांच्या लेखी परवानगीशिवाय पांढरा व्हाइटनर लागला की संपलं. पाच वर्षांच्या आतलं बाल आधार असेल तर त्यात बोटांचे ठसे नसतात, पाच पूर्ण झाल्यावर ते द्यावे लागतात. पहिलीतल्या दोघांचं ते झालंय का बघा. गणपतीआधी केंद्रावर गर्दी कमी असते.


पाळणा_ते_पाटी
१२ ऑगस्ट, सकाळी ७.१५

जन्मनोंदवहीचं कोडं सोपं आहे. जन्माची नोंद मूल जिथे जन्मलं तिथे होते, आईवडील राहतात तिथे नाही. हल्ली बाळंतपणं गावात होत नाहीत. राजापूर, रत्नागिरी, कोल्हापूर, नाहीतर लेक माहेरी गेली तर तिकडे. त्यामुळे ग्रामपंचायतीचं रजिस्टर पटासाठी निरुपयोगी. तुमच्याकडे नोंदलेला तो एक जन्म बहुधा रस्त्यातच झालेला असणार.

उपयोगी पडतील अशा दोन याद्या आहेत. अंगणवाडी सेविकेकडची, आणि उपकेंद्राच्या आरोग्यसेविकेकडची लसीकरणाची. दुसरी जास्त पक्की, कारण अंगणवाडीत नाव असून मूल मुंबईला असू शकतं, पण लस घ्यायला मूल समोर लागतं. पाच वर्षं झाल्यावरचा डीपीटीचा बूस्टर ज्यांना द्यायचा त्यांची यादी म्हणजे जवळजवळ पुढच्या पहिलीचीच यादी. आशाताईंना घेऊन दोन्ही याद्या शेजारी ठेवा आणि नावं जुळवा. आडनावावरून नको, आईच्या नावावरून. एका वाडीत आडनाव एकच असतं.

जन्मसालाचं गणित: पहिलीला त्या शैक्षणिक वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण लागतात. म्हणजे २०२६-२७च्या पहिलीला २०२०मध्ये जन्मलेली, २०२७-२८ला २०२१ची, असं एकेक साल पुढे.

आणि एक कळीची गोष्ट. मूल शाळेतून जातं ते सहाव्या वर्षी नाही, तिसऱ्या-चौथ्या वर्षी जातं. इंग्रजी शाळेची व्हॅन वाडीच्या फाट्यावर येते आणि नर्सरीला नाव पडतं. एकदा व्हॅनमध्ये बसलेलं मूल पहिलीला परत येईल असं धरू नका. म्हणून यादीत प्रत्येक नावापुढे एकच रकाना ठेवा: आज सकाळी दहा वाजता हे मूल कुठे असतं? अंगणवाडीत, व्हॅनच्या शाळेत, की मुंबईत. फोनवर विचारून नाही, घरी जाऊन. गुढीपाडव्याला "पट वाढवा" म्हणत फेरी काढतात तेव्हा निम्मे निर्णय आधीच झालेले असतात. फेरी काढायची तर मूल अडीच वर्षांचं असताना.

अंगणवाडीचे आकडे टाकलेत तर पुढचं मांडता येईल.


हजेरीचा_भोपळा
१२ ऑगस्ट, सकाळी ८.०२

आलेख नको, टक्केवारी तर मुळीच नको. १६ मुलांत एक मूल म्हणजे ६.२५ टक्के. एक कुटुंब ठाण्याजवळ दिव्याला गेलं आणि तीन भावंडं उठली की "पटात १८.७५ टक्के घट" असं वर्तमानपत्रात जातं. माणसं मोजा, "सोळापैकी तीन" असं लिहा. आणि वर्गवार टक्केवारी काढलीत तर पाचवी कायम १०० टक्के, ५० टक्के नाहीतर शून्यच येणार, दोनच तर मुलं आहेत.


कातळफूल
१२ ऑगस्ट, रात्री ९.१०

खूप आभार. आज दोन्ही याद्या जुळवल्या. सालवार अशी मुलं निघाली: २०२०ची ३ (त्यातलं एक व्हॅनने जातं), २०२१ची १, २०२२ची ४ (त्यातलं एक मुंबईला, नाव आजीच्या रेशनकार्डावर), २०२३ची ० . आता?

आणि जातीनिहाय, धर्मनिहाय रकाना तक्त्यात हवाच का? मुली १० आणि मुलगे ६ यावरही ग्रामसभेत कोणीतरी बोलणारच.


पाळणा_ते_पाटी
१२ ऑगस्ट, रात्री १०.२०

दोन ओळी काढा. एक पक्क्यांची, एक सगळ्यांची. दरवर्षी आधीचा पट, वजा पाचवीतून जाणारी, अधिक पहिलीत येणारी.

पक्क्यांची ओळ:
२०२६-२७ : १६ − २ + २ = १६
२०२७-२८ : १६ − ५ + १ = १२
२०२८-२९ : १२ − ३ + ३ = १२
२०२९-३० : १२ − ४ + ० = ८

व्हॅनचं आणि मुंबईचं मूल परत आलं तर हेच आकडे १७, १३, १४, १० होतात.

यातून दोन गोष्टी दिसतात. पट २०२७च्या जूनमध्ये एकदम खाली येतो तो मुलं कमी जन्मली म्हणून जितका, तितकाच आताची पाच जणांची चौथी पाचवी होऊन बाहेर पडते म्हणून. हे आजच माहीत आहे, तेव्हा त्या वर्षी कोणी "शाळा अचानक बसली" म्हणायला नको. आणि २०२३चा शून्य अजून पक्का नाही. ती मुलं आता दोन-अडीच वर्षांची. मुंबईत खोली परवडत नाही म्हणून मूल आणि आई गावी, बाप तिकडे, असं तिसऱ्या वर्षाच्या सुमाराला बरंच होतं. पुढच्या मे महिन्यात याद्या परत जुळवा. तक्त्याखाली यादीची तारीख टाका, नाहीतर दोन वर्षांनी हाच कागद कोणीतरी पुरावा म्हणून नाचवील.


शेरेबुक
१२ ऑगस्ट, रात्री ११.३०

मुली-मुलग्यांचं: रत्नागिरी जिल्ह्यात २०११च्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. तो आकडा इथे चिकटवू नका. तो सगळ्या वयांचा आहे, कामाला गेलेले पुरुष मुंबईत मोजले जातात म्हणून तसा दिसतो. तुमच्या १०-६चं कारण वेगळीकडे शोधा. २०१५ ते २०१९मध्ये जन्मलेल्या वाडीतल्या सगळ्या मुलांची यादी काढा, शाळेत नसलेलीही. तिथे मुलगे-मुली सारखेच निघाले तर उत्तर व्हॅनमध्ये बसलेलं आहे: मुलग्याला फीची शाळा, मुलीला जवळची. ग्रामसभेत हे बोलायचं की नाही ते समितीने ठरवावं, पण माहीत तरी असावं.

"शाळा चांगली नाही म्हणून पट घटला" असं कोणी म्हणालं तर जनगणनेचा दुसरा आकडा मात्र खुशाल सांगा. जिल्ह्याची लोकसंख्या २००१ला १६,९६,७७७ होती, २०११ला १६,१५,०६९. सिंधुदुर्गही ८,६८,८२५वरून ८,४९,६५१वर आला. माणसंच कमी झाली तिथे पाट्या कुठून वाढणार!

जातधर्माचा रकाना ग्रामसभेच्या कागदावर नको. सोळा मुलांत "तिसरी, मुलगी, अनुसूचित जमाती, १" असं लिहिलं की नाव लिहिल्यासारखंच झालं. व्हॉट्सअॅपवर तर नकोच. ही माहिती यूडायसमध्ये लागते, तिथे मात्र नीट भरा. सगळ्यात जास्त होणारी चूक: बौद्ध मुलाला अल्पसंख्याक रकान्यात 'बौद्ध' निवडतात आणि सामाजिक प्रवर्ग 'जनरल' तसाच राहतो. दोन रकाने वेगळे आहेत, दोन्ही भरायचे. दुसरी चूक, यूडायसला प्रवर्ग चारच: जनरल, एससी, एसटी, ओबीसी. आपल्या रजिस्टरात विमुक्त जाती, भटक्या जमाती, विशेष मागास असं लिहिलेलं असतं, ते तिथे सापडत नाही म्हणून घाईत 'जनरल' दाबलं जातं. ते ओबीसीत जातं. आणि कातकरी म्हणजे अनुसूचित जमाती, पालकाकडे दाखला नाही म्हणून ओबीसी करू नका.


जांभा
१३ ऑगस्ट, दुपारी १.४५

चिरेखाणीच्या मुलांवर कोणी बोललं नाही म्हणून लिहितो, कारण खरा घोळ तिथेच आहे.

पावसात खाण पाण्याने भरते. काम सुरू होतं ऑक्टोबरात, संपतं मेअखेर. विजापूरकडची कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर येतात. आंब्याच्या बागांत राखणीला येणारी नेपाळी कुटुंबंही साधारण तेव्हाच, जातात आंबा उतरल्यावर. म्हणजे पट मोजायची तारीख ३० सप्टेंबर आणि ही मुलं येतात ऑक्टोबर-नोव्हेंबरात. किनाऱ्यावर उलट. मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते, खलाशांची कुटुंबं ऑगस्टात येतात, त्यामुळे नाटे-हर्णैच्या बाजूला ती मुलं मोजणीत सापडतात. सड्यावरच्या शाळेची सापडत नाहीत. दोन शाळांत वर्षाचे सहा-सात महिने सारखीच पोरं, पण कागदावर एकीकडे आहेत आणि एकीकडे नाहीत.

म्हणून तक्त्यात दोन तारखांचे दोन आकडे द्या. ३० सप्टेंबर आणि ३१ जानेवारी. मागच्या तीन वर्षांच्या जानेवारीच्या हजेरीपत्रकावरून काढता येईल. हे १६मध्ये मिळवू नका, शेजारी स्वतंत्र लिहा. मिळवलंत की कोणीतरी "फुगवलेला पट" म्हणणार.

पण त्यासाठी ती मुलं नुसती "येऊन बसलेली" असून चालणार नाही, दाखल करावी लागतील. कागद नाही म्हणून थांबायचं कारण नाही. वयाचा दाखला नसला तरी प्रवेश नाकारता येत नाही (कलम १४), मुदत उलटली तरी नाही (कलम १५), आणि वर्ग वयाप्रमाणे द्यायचा (कलम ४). आठ वर्षांच्या मुलाला मराठी येत नाही म्हणून पहिलीत बसवणं चूक आहे. बसवतात, तो भाग वेगळा.

आल्या दिवशी हे करा: बापाच्या मोबाइलमध्ये गावच्या शाळेच्या प्रगतिपत्रकाचा फोटो असतोच, तो मागा. त्यावरचा अकरा अंकी यूडायस क्रमांक २९ने सुरू झाला तर कर्नाटक (आपल्या जिल्ह्याचा २७३२ने होतो). त्या शाळेच्या मुख्याध्यापकांना फोन करून ड्रॉपबॉक्सला टाकायला सांगा, पेन आणि जन्मतारीख घ्या. कन्नड येणारं कोणीतरी खाणीवरचं सोबत ठेवा, निम्मे फोन तिथेच अडतात. मातृभाषेच्या रकान्यात 'मराठी' ठोकून देऊ नका. घरात लमाणी बोलत असतील तर कन्नडही नाही. केंद्रप्रमुख शाळेला येतील तेव्हा ही मुलं समोर उभी करून शेरेबुकात (भेटीचे शेरे लिहायच्या वहीत) आकडा लिहून घ्या, आधार असो वा नसो. पुढे कोणी विचारलं तर तेवढंच कामाला येतं.

मे महिन्यात मुकादम एका रात्रीत टेंपो भरतो. शिक्षण हमी पत्रक (स्थलांतरित मुलाला पुढच्या शाळेत दाखवायला द्यायचं) आणि दाखला एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातच लिहून ठेवा, तारीख तेवढी मोकळी.


कातळफूल
१३ ऑगस्ट, रात्री ९.००

जानेवारीचा आकडा मागच्या वर्षी २२ होता, हजेरीपत्रकात पेन्सिलने लिहिलेली नावं. यंदा पेनाने लिहू. आता फक्त ते ९०० मीटर राहिलं.


शेरेबुक
१३ ऑगस्ट, रात्री ९.५०

९०० मीटर कुठून कुठे, ते आधी विचारा. बहुधा शाळा ते शाळा, नकाशावर सरळ रेघेत. नियमात प्राथमिक शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत हवी असते, तेव्हा मोजायचं तुमच्या सगळ्यात लांबच्या घराच्या उंबऱ्यापासून, पायवाटेने. मोबाइलवर चालण्याचा मार्ग नोंदवत जा. सोबत दुसरीतलं मूल दप्तरासकट घ्या आणि घड्याळ लावा, उतरताना एकदा, घाटी चढून परत येताना एकदा. वाटेतला प्रत्येक पऱ्या (ओढा), साकव (छोटा पूल) आणि त्याला कठडा आहे की नाही ते लिहा. डांबरी रस्त्याने फेरा घेतला तर किती, तेही.

सप्टेंबर २०२३मध्ये शिक्षण आयुक्तांनी २०च्या आतल्या पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले होते, पानशेत आणि तोरणमाळच्या अशा शाळांचा दाखला देऊन. तेव्हा राज्यात अशा १४,७८३ शाळा होत्या. विषय पुन्हा निघाला की ग्रामपंचायतीकडे हेच मोजमाप तयार असलेलं बरं. तोंडी "लांब आहे हो" चालत नाही.


जांभा
१३ ऑगस्ट, रात्री १०.०५

याला एक जोड. तुमच्याकडून पाचवी झालेली मुलं सहावी-सातवीला त्याच खालच्या शाळेत जात असतील ना? त्यांची जुलैची हजेरी तिकडून उतरवून घ्या. साकवावरून पाणी गेलं त्या दिवशी तुमच्या वाडीची सगळी मुलं एकदम गैरहजर असणार, आणि बाकीच्या वाड्यांची हजर. तारखा मोजा.